पावलापुढची रेघ

"बाबा, मघाशी जिना भराभर चढलात, मग आता एवढासा उंबरठा का ओलांडता येत नाही?" कंपवात असलेल्या माणसाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. विचारणारा झोपेतून उठून आलेला असतो, कावलेला असतो. वडील बाथरूमच्या दारात चौकट धरून उभे असतात. त्यांचे दोन्ही पाय जमिनीला खिळल्यासारखे एकाच जागी थरथरत असतात. अशा वेळी कोणी हात धरून पुढे ओढलं, तर धड पुढे जातं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर आपटतो. घरातले मग आपापल्या परीनं अर्थ लावतात. कोणी म्हणतं पायांतली ताकद गेली, कोणी म्हणतं हे मुद्दाम करतात. पहिला अर्थ चुकीचा आहे. दुसरा चुकीचा तर आहेच, शिवाय आजारी माणसावर फार मोठा अन्याय करणारा आहे.

प्रश्न मात्र अगदी नेमका आहे. जिना चढता येतो आणि सपाट फरशीवर पाऊल उचलत नाही, ही विसंगती खरीच असते. मेंदूविकारतज्ज्ञ ती शंभराहून अधिक वर्षं नोंदवत आले आहेत. तिचा माग काढता काढता एक उपचारपद्धती तयार झाली. डोळ्यांना, कानांना किंवा त्वचेला बाहेरून संकेत द्यायचा आणि अडलेलं पाऊल त्या संकेताच्या आधारानं टाकायचं, असं तिचं स्वरूप आहे. तिला ना महागडं यंत्र लागतं, ना शस्त्रक्रिया. तरीही आपल्याकडच्या बहुसंख्य घरांपर्यंत ती पोहोचलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर आपला छोटा निबंध छापला. त्यात सहा जणांची वर्णनं होती आणि त्यांपैकी काही जणांना तर त्यांनी फक्त रस्त्यावरून येता-जाता पाहिलं होतं. हाताच्या कंपाबरोबरच चालण्याची एक तऱ्हा त्यांच्या नजरेत भरली होती. शरीर पुढे झुकलेलं, पावलं आखूड, आणि चालता चालता माणूस इच्छा नसताना पळू लागतो. आपण या आजाराला कंपवात म्हणतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष कंपाकडे जातं. पण रुग्णांना विचारलं तर अनेकांच्या तोंडी चालण्याचीच तक्रार असते, कारण हात थरथरला तर कपातला चहा सांडतो आणि पाय अडला तर खुब्याचं हाड मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. आजार पुढच्या टप्प्यात गेला की त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना पाय अडण्याचा अनुभव येतो. डॉक्टर याला 'फ्रीझिंग' म्हणतात. घरात लोक 'पाय चिकटले' म्हणतात.

पाय कुठे चिकटतात हे पाहिलं की आजाराचा स्वभाव कळू लागतो. खुर्चीतून उठून पहिलं पाऊल टाकताना. वळताना. दारातून जाताना, आणि दार जितकं अरुंद तितकं जास्त. लिफ्टचं दार बंद होत आलेलं असताना, फोन वाजत असताना, मागे रांग खोळंबलेली असताना. चालता चालता कोणी काही विचारलं आणि उत्तर द्यायला गेलं की. यांतल्या एकाही ठिकाणी स्नायूंची ताकद कमी-जास्त होत नाही. बदलतं ते मेंदूवरचं ओझं.

निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. भाजी घेऊन घरी येताना आपण हिशोब करतो, फोनवर बोलतो, ओळखीच्या माणसाला हात करतो आणि पाय आपले चालत राहतात. ही सवयीची कामं बिनबोभाट चालू ठेवण्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. त्यांना डोपामिन हे रसायन लागतं. ते पुरवणाऱ्या, सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी कंपवातात हळूहळू मरत जातात. डोपामिनची तूट सगळीकडे सारखी पडत नाही, हे यात फार महत्त्वाचं आहे. बेसल गँग्लियाच्या ज्या मागच्या भागात सवयीच्या हालचाली सांभाळल्या जातात तिथे ती आधी आणि जास्त पडते. हेतू ठरवून, लक्ष देऊन केलेल्या हालचालींशी संबंधित भाग त्या मानानं उशिरापर्यंत शाबूत राहतो. म्हणजे चालण्याची क्षमता शिल्लक असते. ती आपोआप वापरली जाण्याची सोय गेलेली असते.

जिन्याचं कोडं इथेच सुटायला लागतं. जिन्याची प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर असते. पाय कुठे ठेवायचा, किती उचलायचा, हे पायरीच सांगते. सपाट फरशी काहीच सांगत नाही.

हे पद्धतशीरपणे तपासून पाहणाऱ्यांत लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स पर्डन मार्टिन यांचं नाव आधी घ्यावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती. तिच्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे कंपवातासारखीच अवस्था आली आणि ते वर्षानुवर्षं रुग्णालयांत पडून राहिले. मार्टिन यांनी अशा रुग्णांचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९६७ साली बेसल गँग्लियावरच्या पुस्तकात निरीक्षणं मांडली. जमिनीवर आडव्या रेघा ओढल्या की जागचे न हलणारे रुग्ण त्या ओलांडत चालू लागत. चालण्याच्या दिशेनं लांबच लांब उभ्या रेघा ओढल्या तर मात्र फरक पडत नसे. आडव्या रेघाही फार जवळजवळ असल्या तर उपयोग नसे. त्यांच्यात साधारण एका पावलाचं अंतर लागे.

रेघ आडवीच का लागते, याचा नीट उलगडा व्हायला आणखी पाव शतक गेलं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मेग मॉरिस, रॉबर्ट आयनसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या चालीची मोजमापं घेतली. तोवर 'हे लोक हळू चालतात' एवढंच ढोबळपणे सांगितलं जाई. मोजल्यावर दिसलं की पावलांचा ठेका बिघडलेला नाही, उलट पावलं पटापट पडतात. बिघडलेली आहे ती पावलाची लांबी. मेंदू प्रत्येक पाऊल मनात असतं त्यापेक्षा आखूड टाकतो आणि ती तूट भरून काढायला पावलांची संख्या वाढवतो. जमिनीवर योग्य अंतरावर पट्ट्या लावल्या की याच रुग्णांची पावलं त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांइतकी लांब पडू लागली. आडवी पट्टी नेमकं हरवलेलं माप परत देत होती. उभ्या रेघेत ते माप नसतंच.

त्याच संशोधनातला दुसरा भाग मला पट्ट्यांहून मोलाचा वाटतो. काही रुग्णांना पट्ट्या न देता नुसतं सांगितलं, की आधी पट्ट्यांवर जसं लांब पाऊल पडलं तसं पाऊल डोळ्यांसमोर आणा आणि तेवढंच टाका. तेही त्यांना जमलं. पुढे काही वेळ, कोणी लक्ष विचलित केलं नाही तोवर, टिकलं. मग त्यांना चालता चालता दुसरं काम दिलं, आणि पावलं पुन्हा आखडली. म्हणजे पट्टीत काही जादू नव्हती. आपोआप होणारं काम लक्षपूर्वक करण्याच्या कामात बदललं गेलं, हे तिचं कर्तृत्व. लक्ष हटलं की काम पुन्हा जुन्या, बिघडलेल्या वाटेवर जातं.

फ्रान्समध्ये मार्सेयच्या संशोधकांनी १९९९ साली यात एक भर घातली. त्यांनी जमिनीवरच्या पट्ट्या तशाच ठेवल्या आणि खोलीत भरभर लुकलुकणारा दिवा लावला. अशा प्रकाशात पट्ट्या दिसतात, पण त्या आपल्याकडे सरकत येताना दिसत नाहीत. पट्ट्यांचा फायदा नाहीसा झाला. म्हणजे नुसतं लक्ष देऊन भागत नाही, चालताना जमीन आपल्याकडे सरकत येताना दिसणं यालाही काही काम आहे. लक्ष किती आणि दृश्य किती, हा हिशोब तज्ज्ञांमध्ये अजून पूर्ण मिटलेला नाही.

मेंदूत यावेळी काय होतं? त्याच वर्षी जपानमध्ये क्योटोच्या संशोधकांनी रुग्णांना ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं, एकदा आडव्या रेघांसह आणि एकदा उभ्या रेघांसह, आणि मेंदूतला रक्तपुरवठा मोजला. आडव्या रेघांवर चालताना मेंदूच्या बाहेरच्या बाजूचा, हालचालीची आखणी करणारा एक भाग निरोगी माणसांपेक्षाही अधिक कामाला लागलेला दिसला. स्वतःहून सुरू केलेल्या हालचाली बेसल गँग्लियातून मेंदूच्या आतल्या, मध्याजवळच्या भागाकडे जाणाऱ्या वाटेनं होतात. डोळ्यांनी पाहून किंवा कानांनी ऐकून केलेल्या हालचालींना लहान मेंदू आणि हा बाहेरचा भाग यांची वाट उपलब्ध असते. द्रुतगती मार्गावर दरड कोसळली की गाड्या जुन्या खंडाळा घाटानं वळवतात, तसं काहीसं हे आहे. वाहतूक सुरू होते, पण जुन्या घाटात गाडी हाकताना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, आणि म्हणूनच कंपवाताचा माणूस संकेतांवर चालला की थकतो. 'एवढंसं चाललात आणि दमलात?' असं त्याला विचारू नये. त्यानं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त काम केलेलं असतं.

कानांची गोष्ट डोळ्यांपेक्षा थोडी वेगळी आहे. रेघ पावलाची लांबी सांगते, ठेका पावलाची वेळ सांगतो. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत पायाभूत मानला जातो. रुग्णांच्या एका गटानं तीन आठवडे रोज अर्धा तास, ठोका ठळक केलेल्या संगीतावर चालण्याचा सराव केला. दुसऱ्या गटानं तेवढाच सराव आपल्या गतीनं केला. तिसऱ्यानं काहीच केलं नाही. संगीतावर चालणाऱ्यांचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. स्वतःच्या गतीनं चालणाऱ्यांनाही फायदा झाला, पण त्याहून बराच कमी.

मात्र ठेका किती ठेवायचा, याचा विचार न करता मोबाइलवर ठेका देणारा मेट्रोनोम लावून चालायला लागणं योग्य नाही. आधी माणूस एरवी मिनिटाला किती पावलं टाकतो ते मोजावं लागतं. ज्यांचे पाय अडत नाहीत त्यांना त्याहून दहा टक्के जलद ठेका उपयोगी पडतो. ज्यांचे पाय अडतात त्यांना तोच जलद ठेका अपाय करू शकतो, कारण त्यांची पावलं ठेक्याबरोबर आणखी आखूड होतात आणि पाय अडायची वेळ जवळ येते. त्यांना नेहमीच्या गतीहून थोडा संथ ठेका बरा. एकाच घरातल्या दोन भावांना हा आजार असला तरी दोघांना एकच ठेका चालेल असं नाही.

आणखी एक फरक माणसामाणसात असतो, तो तालाच्या जाणिवेचा. फ्रान्स आणि कॅनडात काम करणाऱ्या सिमोने दल्ला बेल्ला यांच्या गटानं २०१७ साली दाखवून दिलं, की ज्यांना ठोक्याशी हालचाल जुळवता येते त्यांनाच ठेक्याच्या उपचाराचा चांगला फायदा होतो. ज्यांना ती जुळवता येत नाही त्यांची चाल ठेक्यानं उलट बिघडूही शकते. आयुष्यभर भजनात टाळ धरलेला किंवा शाळेत लेझीम खेळलेला माणूस आणि ज्याला टाळी कधीच समेवर देता आली नाही असा माणूस, यांना एकच उपाय सांगून चालणार नाही. उपचार करणाऱ्यानं आधी एवढं विचारून तरी घ्यावं.

अमेरिकेतच सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एलिनॉर हॅरिसन आणि गॅमन अर्हार्ट यांनी बाहेरचं संगीत आणि स्वतः म्हटलेलं गाणं यांची तुलना केली. मनातल्या मनात गाणं म्हणत चाललं तर पावलांतला विस्कळीतपणा कमी होतो, आणि बाहेरच्या संगीतावर चालताना कधीकधी तो वाढतो, असं त्यांना आढळलं. मनातल्या गाण्याला बॅटरी लागत नाही. रस्त्यावर कानांत हेडफोन घालण्याचा धोकाही त्यात नाही, आणि आपल्याकडच्या रहदारीत ही बाब फार महत्त्वाची आहे. मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

स्पर्शाच्या बाबतीत इतिहासातली एक गोष्ट सांगायलाच हवी. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे थोर मेंदूविकारतज्ज्ञ जाँ-मार्ताँ शार्को यांनीच या आजाराला पार्किन्सन यांचं नाव मिळवून दिलं. त्यांच्या लक्षात आलं, की लांबचा रेल्वेचा किंवा घोडागाडीचा प्रवास करून आलेले रुग्ण 'आज बरं वाटतंय' असं सांगतात. मग गाडीचे हिसके रुग्णालयातच द्यावेत म्हणून त्यांनी थरथरणारी खुर्ची बनवून घेतली. १८९२ साली त्यांनी यावर व्याख्यान दिलं आणि पुढच्याच वर्षी ते वारले. तब्बल १२० वर्षांनी, २०१२ साली, अमेरिकेतल्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा केला. काही रुग्णांना थरथरणाऱ्या खुर्चीत बसवलं आणि काहींना तशाच, पण न थरथरणाऱ्या खुर्चीत, शांत आवाज ऐकवत. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

'संवेदी उत्तेजन' असं भारदस्त नाव घेऊन कंप देणारे पट्टे, चटया, बूट विकायला येतात तेव्हा ही गोष्ट आठवावी. शरीराला नुसतं हलवणं, थरथरवणं, शेकणं यानं आराम वाटेल, पण पाऊल सुधारेल असं त्यावरून म्हणता येत नाही. पाऊल सुधारायचं तर त्या संवेदनेत पावलासाठी माहिती हवी. कधी टाकायचं, कुठे टाकायचं, केवढं टाकायचं, यांपैकी काहीतरी तिनं सांगायला हवं. मनगटावरचा पट्टा ठराविक लयीत स्पंदन देत असेल तर तो 'कधी' सांगतो, म्हणून त्याचा उपयोग होतो. ज्यांना कमी ऐकू येतं किंवा ज्यांना गोंगाटात चालावं लागतं त्यांच्यासाठी तो आवाजापेक्षा सोयीचा आहे. बाजारातली कुठलीही वस्तू घेण्याआधी दुकानदाराला हाच प्रश्न विचारावा: ही माझ्या पावलाला नेमकं काय सांगते?

आता यश किती, ते स्पष्टच सांगायला हवं. युरोपात बेल्जियममधलं ल्यूव्हन, इंग्लंडमधलं न्यूकॅसल आणि नेदरलँड्समधलं अ‍ॅमस्टरडॅम इथल्या संशोधकांनी मिळून 'रेस्क्यू' नावाची मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००७ साली आले. १५३ रुग्णांना त्यांच्या घरीच, तीन आठवड्यांत अर्ध्या-अर्ध्या तासाची नऊ सत्रं दिली. आवाज, प्रकाश किंवा कंप यांपैकी आपल्याला रुचेल तो संकेत निवडायचा होता. बहुतेकांनी आवाज निवडला. चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ सेंटिमीटरनं वाढला, पाऊल सुमारे ४ सेंटिमीटरनं लांबलं आणि ज्यांचे पाय अडत होते त्यांच्यात अडण्याची तीव्रता सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटली. कागदावर हे आकडे छोटे दिसतात. शिवाय सराव थांबल्यावर सहा आठवड्यांनी तपासलं तेव्हा फायदा बराचसा ओसरला होता. हा उपचार आजाराला मागे लोटत नाही, पेशींचा ऱ्हास थांबवत नाही, आणि संकेत आहे तोवरच मुख्यतः काम करतो. असं असूनही मी त्याच्या बाजूनं बोलतो, कारण पाय अडणं ही तक्रार लेव्होडोपा या कंपवातावरच्या मुख्य औषधाच्या गोळीला अनेकदा पुरती दाद देत नाही. गोळी जिथे कमी पडते तिथे हा उपाय हाताशी असतो.

संकेत सतत बरोबर राहावा म्हणून बरेच प्रयत्न झाले. जमिनीवर लाल रेघ टाकणारी काठी आली. नेदरलँड्समध्ये बुटांच्या टोकाला लेझर बसवले गेले. एक पाय जमिनीवर टेकला की त्या बुटातून दुसऱ्या पायापुढे रेघ उमटते आणि तो पाय ती ओलांडतो. २०१८ साली २१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, औषधाचा असर उतरलेला असताना पाय अडण्याचे प्रसंग या बुटांमुळे सुमारे ४६ टक्क्यांनी घटले. त्याच देशात नायमेखन इथे बास्टियान ब्लूम आणि अँके स्नायडर्स यांनी २०१० साली एका ५८ वर्षांच्या गृहस्थांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांना चार पावलं चालणं कठीण होतं, पण सायकलवर बसवलं की ते सफाईनं चालवत, वळवतसुद्धा. फिरणारं पेडल पायाला पुढचा ठेका देत असावं, असा एक तर्क त्यावर मांडला गेला. नायमेखनच्याच गटानं पुढे रुग्णांनी स्वतः शोधलेल्या क्लृप्त्यांची शेकडो चित्रणं गोळा केली आणि त्यांतून साठाच्या आसपास वेगवेगळ्या युक्त्या निघाल्या. कोणी बाजूला पाऊल टाकून सुरुवात करतं, कोणी मागे, कोणी काठी उलटी धरून तिची मूठ पायापुढे आडवी ठेवतं आणि ती ओलांडतं. या युक्त्यांचा शोध तज्ज्ञांच्याही आधी रुग्णांना लागलेला असतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशाच एका शोधाचं मूळ पुण्यात आहे. पुण्यात वाढलेल्या आणि नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकलेल्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांच्या काकांना कंपवात होता. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरतात, हे त्यांनी पाहिलं. मग त्यांनी काकांच्या घरात जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र अंथरलं. काका त्यावरून न अडखळता चालले आणि चित्र संपलं तिथे पुन्हा अडखळले. टेडच्या मंचावर त्यांनी हे चित्रण दाखवलं ते जगभर पाहिलं गेलं. पर्डन मार्टिन यांच्या रेघा त्यांना माहीत होत्या की नाही याला महत्त्व नाही. घरातल्या माणसाकडे चिडून न बघता नीट बघितलं, म्हणून त्यांना ते दिसलं.

पुण्यातच समकालीन नृत्याचे शिक्षक हृषीकेश पवार यांनी कंपवात असलेल्यांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, आणि पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांनी त्यांत भाग घेतला. नृत्यात ठेका असतो, समोरच्याची हालचाल पाहायला मिळते, आणि प्रत्येक हालचाल हेतुपुरस्सर करावी लागते. कंपवाताच्या मेंदूला जे जे हवं ते ते त्यात एकत्र येतं. त्याहून मोठी गोष्ट अशी, की चारचौघांत पाय अडेल या भीतीनं घरात बसलेली माणसं बाहेर पडतात. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही रुग्णांचे गट चालवते, व्यायाम शिकवते. ज्यांच्या गावात असं काही नाही त्यांनी फिजिओथेरपिस्टला 'चालण्याच्या संकेतांचं प्रशिक्षण हवं आहे' असं स्पष्ट शब्दांत सांगावं. युरोपातल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याची शिफारस आहे.

घरात करता येण्यासारखं पुष्कळ आहे. जिथे पाय अडतात तेवढ्याच जागी, बहुधा बाथरूमच्या दाराआधी, पलंगाशेजारी आणि स्वयंपाकघराच्या वळणावर, फरशीच्या रंगाहून ठळक वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या आडव्या लावाव्यात. दोन पट्ट्यांतलं अंतर फिजिओथेरपिस्टनं चाल पाहून ठरवावं. दारातल्या पट्ट्या चौकटीच्या आधीपासून सुरू होऊन पलीकडेही गेल्या पाहिजेत, कारण दारात शिरून मध्येच अडणं जास्त धोक्याचं. पट्ट्यांच्या कडा सुटल्या की त्या लगेच बदलाव्यात. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाकाव्यात. अनेक जण शहाबादी फरशीचे सांधे किंवा रस्त्यावरचे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे नकळत वापरत असतात. ते त्यांना जाणीवपूर्वक वापरायला सांगावं. वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा अर्धगोल घ्यावा.

आणि पाय अडलेच, तर घरातल्यांनी ओढू नये, ढकलू नये, दोघातिघांनी एकदम सूचना देऊ नयेत. आधी थांबायचं. 'सरळ उभे राहा, श्वास घ्या' एवढंच सांगायचं. मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलकेच झुलवायचं, आणि एकानंच शांत आवाजात 'एक, दोन' मोजायचं, किंवा आपलं पाऊल त्यांच्या पायापुढे आडवं ठेवून 'हे ओलांडा' म्हणायचं. चालताना गप्पा नकोत. हातात पाण्याचा तांब्या नको. विस्मरण बरंच वाढलेलं असेल तर संकेत समजून घेणंच कठीण जातं. अशा वेळी युक्त्यांचा मारा न करता सोबत देणं बरं.

नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ साली चालण्याची तक्रार असलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी अशा युक्त्यांबद्दल कधी ऐकलंच नव्हतं. श्रीमंत, सुसज्ज देशांतली ही स्थिती. आपल्याकडे ओपीडीत डॉक्टरला मिळणाऱ्या काही मिनिटांत गोळीचा डोस ठरतो आणि चाल पाहायची राहून जाते. पाहिली तरी दवाखान्यात पाय अडतीलच असं नाही. डॉक्टरांसमोर रुग्ण नेटानं, लक्ष देऊन चालतो आणि तिथली मोकळी मार्गिका त्याला साथ देते. म्हणून घरीच मोबाइलवर चित्रण करून न्यावं. खुर्चीतून उठणं, दारातून जाणं, डावीकडे वळणं, उजवीकडे वळणं, हे सगळं त्यात यावं, पाय पूर्ण दिसावेत, आणि शेवटची गोळी घेऊन किती वेळ झाला ते चित्रण करतानाच बोलून ठेवावं. गोळीचा असर चढलेला असतानाचं एक आणि उतरलेला असतानाचं एक, अशी दोन चित्रणं असली तर औषधाची वेळ बदलायची की संकेत शिकवायचे, हे ठरवणं डॉक्टरांना सोपं जातं.